व्यवस्थापन सॉफ्टवेअरचा डेटाबेस कुठे ठेवावा? नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कंपनीतील संगणक, सर्व्हर आणि नेटवर्क उपकरणांवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर बसवताना इन्स्टॉलर मध्येच एक प्रश्न विचारतो : डेटाबेस याच मशीनवर हवा की दुसऱ्या? नवीन माणूस बहुतेक वेळा समोर भरून आलेले उत्तर तसेच ठेवून पुढे जातो. पुढच्या तीन-चार वर्षांत कन्सोल (सॉफ्टवेअरचा मुख्य पडदा) किती वेगाने उघडेल, बॅकअप किती सहज परत मिळेल, परवान्यावर किती खर्च होईल आणि सगळे काही बंद पडलेल्या दिवशी आपल्याला काय दिसेल, हे मात्र बरेचसे त्या एका उत्तरावर ठरते. म्हणून इन्स्टॉलर सुरू करण्याआधी एक दिवस या प्रश्नाला द्यावा.

हा लेख ठाणे आणि नवी मुंबईतील मध्यम आकाराच्या कंपन्यांत आयटी विभागात नव्याने रुजू झालेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. उदाहरणासाठी अशी कंपनी धरू या, जिचे मुख्य कार्यालय आणि सर्व्हर रूम महाप्याच्या एमआयडीसीत आहे, दुसरे कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे आणि गोदाम तळोज्याला आहे. संगणक, सर्व्हर, स्विच, प्रिंटर असे सर्व मिळून अडीचशेच्या घरात आहेत आणि ते सांभाळायला दोन-तीन माणसे आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या आकाराच्या कंपनीत डेटाबेस सॉफ्टवेअरच्या शेजारी, शक्यतो त्याच मशीनवर असावा. तो दूर न्यायचा असेल तर त्यासाठी मोजून दाखवता येईल असे कारण हवे. "मोठ्या कंपन्यांत वेगळाच असतो" हे तसे कारण नव्हे.

पहिली पायरी : सॉफ्टवेअर काय चालवून घेते ते वाचा

डेटाबेस कुठे ठेवायचा हे आपण ठरवतो असे वाटते, पण निम्मा निर्णय सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आधीच घेतलेला असतो. व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या, व्हीएमवेअरच्या आजच्या व्हीसेंटर अप्लायन्समध्ये पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस आतच बसवलेला येतो आणि तो बाहेर काढण्याची सोय नाही. तिथे चर्चेला जागाच उरत नाही. विंडोज अपडेट वाटणाऱ्या डब्ल्यूएसयूएसला दोन पर्याय असतात : विंडोजचा अंतर्गत डेटाबेस किंवा एसक्यूएल सर्व्हर. यातील अंतर्गत डेटाबेस फक्त त्याच मशीनवर चालतो, दुसऱ्या मशीनवरून त्याला जोडता येत नाही. संगणकांचे व्यवस्थापन करणारे मॅनेजइंजिनचे एंडपॉइंट सेंट्रल स्वतःबरोबर पोस्टग्रेसक्यूएल घेऊन येते आणि गरज पडल्यास पुढे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर हलवता येते. देखरेखीचे सॉफ्टवेअर झॅबिक्स हे मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेसक्यूएलवर चालते, तर यंत्रांची यादी आणि तक्रारींची तिकिटे ठेवणाऱ्या जीएलपीआयला मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी लागतो.

संगणकांवर सॉफ्टवेअर आणि पॅच (दुरुस्त्या) वाटणारा मायक्रोसॉफ्टचा कॉन्फिगरेशन मॅनेजर, ज्याला आपल्याकडे अजूनही सगळे एससीसीएम म्हणतात, या बाबतीत सर्वांत काटेकोर आहे. त्याच्या प्रायमरी साइटला, म्हणजे मुख्य सर्व्हरला, एसक्यूएल सर्व्हरची स्टँडर्ड किंवा एंटरप्राइज आवृत्ती लागते; मोफत मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती फक्त सेकंडरी, म्हणजे दुय्यम, साइटसाठी चालते. डेटाबेसचे कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम लावण्याचा नियम, 'एसक्यूएल लॅटिन १ जनरल सीपी १ सीआय एएस' हेच असावे लागते. एसक्यूएल सर्व्हर बसवताना विंडोजची भाषा आणि प्रदेश यांनुसार वेगळे कोलेशन आपोआप निवडले जाऊ शकते, आणि ते लक्षात येईपर्यंत सर्व्हर पुन्हा बसवण्याची वेळ आलेली असते. झॅबिक्सचेही असेच आहे : मायएसक्यूएलवर डेटाबेस तयार करताना अक्षरसंच 'यूटीएफ ८ एमबी ४' आणि कोलेशन त्याचाच 'बिन' प्रकार द्यावा लागतो.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी कागदावर लिहा. आपल्या सॉफ्टवेअरला कोणता डेटाबेस, कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत मान्य आहे. आणि तो दुसऱ्या मशीनवर किंवा क्लाउडवरील तयार सेवेत ठेवलेला मान्य आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या माणसाकडून फोनवर घेऊ नका. ते उत्पादनाच्या कागदपत्रांत शोधा आणि तिथे सापडले नाही तर ईमेलवर लेखी मागून घ्या.

दुसरी पायरी : डेटाबेस किती वाढेल याचा हिशेब करा

हा हिशेब अवघड नाही, पण तो क्वचितच कोणी करतो. मशीनची यादी ठेवणारे सॉफ्टवेअर आणि मशीनची नाडी सतत तपासणारे सॉफ्टवेअर यांच्या भुकेत फार मोठा फरक असतो. कोणत्या संगणकावर काय बसवले आहे याची नोंद दिवसातून एकदा होते आणि जुन्या नोंदीच्या जागी बहुधा नवी नोंद येते. अडीचशे मशीनची अशी यादी वर्षानुवर्षे काही जीबींतच राहते. देखरेखीचे सॉफ्टवेअर मात्र दर काही मिनिटांनी प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांचे आकडे टिपते आणि ते सगळे साठवून ठेवते.

आपल्या महाप्याच्या कंपनीत अडीचशे उपकरणे आहेत आणि प्रत्येकाचे ६० आकडे दर पाच मिनिटांनी घ्यायचे आहेत असे समजा. एकूण १५,००० आकडे, ३०० सेकंदांत एकदा. म्हणजे सेकंदाला ५० नोंदी. दिवसाला ४३ लाख २० हजार, ३० दिवसांत सुमारे १२ कोटी ९६ लाख. झॅबिक्सच्या कागदपत्रांत एका संख्यात्मक नोंदीला सुमारे ९० बाइट जागा धरली जाते. त्या दराने ३० दिवसांचा तपशीलवार इतिहास साडेअकरा जीबींच्या पुढे जातो. शिवाय प्रत्येक आकड्याचा तासागणिक सारांश वेगळा साठवला जातो : १५,००० आकड्यांचा वर्षाचा सारांश म्हणजे १३ कोटींहून अधिक नोंदी आणि तितकीच जागा. घटना, सूचना आणि इंडेक्स यांची जागा यावर वेगळी.

या आकड्यांपुढे एक्स्प्रेस आवृत्तीच्या मर्यादा ठेवून पाहा. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसमध्ये २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबींची मर्यादा होती; २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झाली. २०२२ पर्यंतच्या एक्स्प्रेसमध्ये आकाराइतकीच मेमरीची मर्यादाही जाचक आहे, कारण मशीनमध्ये ६४ जीबी रॅम असली तरी डेटा हाताशी ठेवायला एक्स्प्रेस १,४१० एमबीच वापरते. तिच्यात एसक्यूएल एजंटही नसतो, त्यामुळे रात्रीच्या बॅकअपचे वेळापत्रक विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावावे लागते. डेटाबेस मर्यादेला टेकला की नव्या नोंदी थांबतात, आणि सॉफ्टवेअरचा कन्सोल मात्र जुने आकडे दाखवत उघडत राहतो. बिघाड झाला आहे हे कळायला त्यामुळे वेळ लागतो. एक्स्प्रेस निवडायला हरकत नाही, पण मग ती मर्यादेच्या सत्तर टक्क्यांना पोहोचली की सूचना येईल अशी व्यवस्था त्याच दिवशी लावावी.

इतिहास किती दिवस ठेवायचा हे ठरवताना एक सरकारी नियम डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या सीईआरटी-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या माहिती-तंत्रज्ञान प्रणालींचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. हे वाचून काही जण देखरेखीच्या डेटाबेसमध्येच १८० दिवसांचे सगळे काही कोंबतात. माझ्या मते ते चुकीचे आहे. लॉगसाठी वेगळा लॉग सर्व्हर ठेवावा; प्रोसेसर दर पाच मिनिटांनी किती तापला याचा तपशील ३० दिवसांच्या पुढे क्वचितच कोणी पाहते, आणि पुढच्या काळासाठी तासागणिक सारांश पुरतो.

तिसरी पायरी : चार जागा आणि त्यांची किंमत

पहिली जागा म्हणजे सॉफ्टवेअर ज्या मशीनवर आहे तेच मशीन. सॉफ्टवेअर आणि डेटाबेस यांच्यामध्ये नेटवर्क येत नाही, फायरवॉलचे नियम लागत नाहीत, दोघांचा बॅकअप एकाच वेळी घेता येतो आणि बिघाड झाला तर शोधायला एकच जागा असते. तोटा असा की दोघेही एकाच मेमरीवर हात टाकतात. एसक्यूएल सर्व्हरला मोकळे सोडले तर तो मिळेल तेवढी मेमरी घेत राहतो. म्हणून कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टची सूचना अशी आहे की डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर एसक्यूएल सर्व्हरला एकूण मेमरीच्या ५० ते ८० टक्क्यांपर्यंतच मर्यादा घालावी, आणि मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर ८० ते ९० टक्क्यांपर्यंत. प्रायमरी साइटसाठी किमान ८ जीबी राखून ठेवावी लागते ती वेगळी. पोस्टग्रेसक्यूएल आणि मायएसक्यूएल यांची अडचण नेमकी उलट आहे : दोघांचाही मुख्य बफर (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) मूळ मांडणीत अवघा १२८ एमबी असतो, आणि तो वाढवला नाही तर भरपूर रॅम असलेल्या मशीनवरही डेटाबेस संथ चालतो. पोस्टग्रेसक्यूएलसाठी एकूण रॅमच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करावी.

दुसरी जागा म्हणजे त्याच सर्व्हर रूममधले वेगळे मशीन, बहुधा वेगळे व्हर्च्युअल मशीन. मशीनची संख्या हजारोंत गेली, किंवा अहवाल काढताना कन्सोल अडकायला लागला, तर हा पर्याय योग्य ठरतो. प्रमाणाची कल्पना यावी म्हणून सांगतो : कॉन्फिगरेशन मॅनेजर २०१२ च्या काळात डेटाबेस त्याच मशीनवर असताना प्रायमरी साइटला ५०,००० संगणकांपर्यंत मान्यता होती आणि वेगळ्या मशीनवर असताना १,००,००० पर्यंत. अडीचशे उपकरणांच्या कंपनीने "एकाच मशीनला झेपणार नाही" म्हणून डेटाबेस वेगळा करणे कसे अनाठायी आहे, ते या आकड्यांवरून दिसते. एक गोष्ट मात्र तपासा : दोन्ही व्हर्च्युअल मशीन एकाच होस्टवर (खऱ्या मशीनवर) आणि एकाच स्टोरेजवर असतील, तर कागदावर वेगळी दिसणारी यंत्रे प्रत्यक्षात त्याच डिस्कसाठी भांडत असतात. मग ताण कमी झाला नाही, फक्त सांभाळायच्या ऑपरेटिंग सिस्टीम दोन झाल्या.

तिसरी जागा, आणि जिच्यापासून नवख्यांनी सर्वांत सावध राहावे ती, म्हणजे कंपनीचा आधीच चालू असलेला डेटाबेस सर्व्हर. ईआरपीसाठी (लेखा, साठा, पगार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) विकत घेतलेला एसक्यूएल सर्व्हर आहेच, त्यातच आणखी एक डेटाबेस टाकू, परवान्याचे पैसे वाचतील, असा विचार स्वाभाविक आहे आणि वरिष्ठही तोच सुचवतात. अडचणी नंतर सुरू होतात. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये साइट सर्व्हरच्या खात्याला डेटाबेस सर्व्हरवर 'सिसॲडमिन' हा सर्वोच्च अधिकार द्यावा लागतो, शिवाय त्या मशीनवर स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचाही. म्हणजे जे खाते पॅच वाटण्यासाठी निर्माण झाले, त्याला पगारपत्रकाचा डेटाबेसही उघडतो. पुढची अडचण कोलेशनची. ईआरपी वेगळ्या कोलेशनवर बसलेला असेल तर तात्पुरत्या तक्त्यांचा सामाईक डेटाबेस, ज्याला टेम्पडीबी म्हणतात, सर्व्हरच्याच कोलेशनने चालतो आणि कोलेशन जुळत नसल्याच्या चुका येऊ लागतात. तिसरी अडचण माणसांची आहे. व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीसाठी डेटाबेस सर्व्हर रीस्टार्ट करायचा असेल तर लेखा विभागाची परवानगी लागते, आणि महिनाअखेरीला ती मिळत नाही. मग सुरक्षेचे पॅच वाटणारे सॉफ्टवेअर स्वतःच जुने राहते. कॉन्फिगरेशन मॅनेजरपुरते बोलायचे तर परवान्याची बचतही होत नाही, कारण त्याच्या परवान्यात साइट डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड वापरण्याचा हक्क आधीच असतो. अट एवढीच, की तो एसक्यूएल सर्व्हर इतर कामासाठी वापरायचा नाही.

चौथी जागा क्लाउड. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापला विभाग सुरू केला. मायक्रोसॉफ्टचे पुणे, मुंबई आणि चेन्नईचे विभाग २०१५ पासून आहेत. ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा तर डेटा सेंटरांनी भरलेला आहे. त्यामुळे अंतर ही अडचण नाही असे सहज वाटते, आणि इथेच थोडे थांबून हिशेब करायला हवा.

अंतराचा हिशेब

प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. वागळे इस्टेट ते महापे हे अंतर त्या हिशेबात शून्यच. पण प्रत्यक्ष वाटेत फायरवॉल, व्हीपीएन, सेवा पुरवठादाराचे राउटर येतात आणि जाण्यायेण्याचा वेळ काही मिलिसेकंदांवर जातो. इतका वेळ वेब पान पाहताना जाणवत नाही. व्यवस्थापन सॉफ्टवेअर मात्र डेटाबेसला एक मोठा प्रश्न विचारून थांबत नाही. एका मशीनचे पान उघडताना ते एकामागून एक शेकडो छोटे प्रश्न विचारते, आणि पुष्कळदा पुढचा प्रश्न मागच्याच्या उत्तरावर अवलंबून असतो. असे ४०० प्रश्न धरा. एकाच सर्व्हर रूममध्ये जाण्यायेण्याला ०.३ मिलिसेकंद लागत असतील तर नुसत्या प्रवासाचा वेळ ०.१२ सेकंद होतो. तेच अंतर ५ मिलिसेकंदांचे झाले की दोन सेकंद. १५ मिलिसेकंदांचे झाले की सहा सेकंद, आणि मग "सॉफ्टवेअर हळू आहे" अशी तक्रार येते. डेटाबेसच्या मशीनवर पाहावे तर प्रोसेसर निवांत असतो.

याचा अर्थ क्लाउड वाईट असा नाही. सॉफ्टवेअर आणि डेटाबेस यांची ताटातूट वाईट. क्लाउडवर जायचे असेल तर दोघांनाही एकत्र, एकाच विभागात आणि एकाच खासगी नेटवर्कमध्ये न्या, आणि कार्यालयातील संगणकांवरच्या एजंटांना (सॉफ्टवेअरला माहिती पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना) लांबून बोलू द्या. एजंट थोड्या उशिराने बोलले तरी बिघडत नाही. सॉफ्टवेअर महाप्यात आणि डेटाबेस क्लाउडवर ही मांडणी मात्र टाळावी. रस्त्याच्या खोदकामात लीज्ड लाइन तुटली की तशा मांडणीत इथले सॉफ्टवेअर इथल्याच मशीनबद्दल काहीही सांगू शकत नाही. क्लाउडवरील बहुतेक तयार डेटाबेस सेवांमध्ये सर्वोच्च प्रशासकीय अधिकार ग्राहकाला मिळत नाहीत, हेही विसरू नका. ज्या सॉफ्टवेअरला ते लागतात, त्याला तिथे व्हर्च्युअल मशीन घेऊन डेटाबेस स्वतः बसवावा लागतो.

वागळे इस्टेट आणि तळोज्याच्या मशीनसाठी वेगळा डेटाबेस लागतो का, असा प्रश्न नेहमी येतो. लागत नाही. झॅबिक्समध्ये प्रॉक्सी, इतर सॉफ्टवेअरमध्ये वितरण सर्व्हर किंवा रिले अशी सोय असते. लाइन बंद असेपर्यंत प्रॉक्सी आकडे स्वतःकडे साठवते आणि लाइन आली की पाठवते. मुख्य डेटाबेस एकच राहू द्यावा.

चौथी पायरी : एकत्र काय बंद पडेल ते पाहा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे भागातील पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला. अशा वेळी यूपीएसवर कोणती यंत्रे आधी बंद करायची आणि वीज आल्यावर कोणत्या क्रमाने चालू करायची, हे सांगणारी माहिती पुष्कळदा व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्येच असते. त्याचा डेटाबेस ज्या स्टोरेजवर आहे ते स्टोरेजच आधी बंद झाले, तर ती माहिती नेमक्या गरजेच्या वेळी हाताशी नसते.

म्हणून जागा नक्की करण्यापूर्वी एका कागदावर साखळी काढा. सॉफ्टवेअर कशावर उभे आहे : कोणता होस्ट, कोणते स्टोरेज, कोणता स्विच, कोणता डोमेन कंट्रोलर, कोणता डीएनएस. आणि हेच सॉफ्टवेअर कशावर नजर ठेवते. दोन्ही याद्यांत तेच नाव आले की तिथे गाठ आहे. सामाईक स्टोरेज संथ झाले की देखरेखीचा डेटाबेसही संथ होतो आणि स्टोरेज संथ झाल्याची सूचना उशिरा निघते किंवा निघतच नाही. ही गाठ सोडवायला फार खर्च येत नाही. देखरेखीचे सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटाबेस यांसाठी स्वतःच्या आतल्या एसएसडी असलेले एक साधे स्वतंत्र मशीन, वेगळ्या यूपीएसवर, पुरेसे होते. सर्व्हर रूममध्ये इतर सर्व काही व्हर्च्युअल असले तरी हे एक मशीन बाहेर ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन.

मशीन कोणत्या मजल्यावर आणि किती उंचीवर आहे हेही पाहा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, आणि एमआयडीसीतील तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये पाणी शिरण्याची धास्ती आजही दर पावसाळ्यात असते. रॅकचे सर्वांत खालचे कप्पे रिकामे ठेवा.

पाचवी पायरी : डेटाबेसभोवती कुंपण घाला

या डेटाबेसमध्ये कोणत्या मशीनचा आयपी काय, त्यावर कोणता पॅच बसलेला नाही, ते कोण वापरते, हे सगळे असते. शिवाय एजंट प्रत्येक संगणकावर बहुधा सर्वोच्च अधिकाराने चालतो, त्यामुळे ज्याला डेटाबेसमध्ये लिहिता येते त्याला कंपनीच्या प्रत्येक संगणकावर काहीही चालवून घेता येण्याची शक्यता असते. डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर त्याला फक्त त्या मशीनच्या आतूनच ऐकू द्या. वेगळ्या मशीनवर असेल तर एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, पोस्टग्रेसक्यूएलचा ५४३२ किंवा मायएसक्यूएलचा ३३०६ हा पोर्ट फक्त सॉफ्टवेअरच्या सर्व्हरसाठी उघडा, सगळ्या कार्यालयासाठी नको. एसक्यूएल सर्व्हरचे नामांकित इन्स्टन्स (वेगळे नाव देऊन बसवलेली प्रत) वापरत असाल तर त्याला ठरावीक पोर्ट द्या. कॉन्फिगरेशन मॅनेजरला बदलते पोर्ट चालत नाहीत.

सॉफ्टवेअरबरोबर आपोआप आलेल्या डेटाबेसकडे दुर्लक्ष होते, आणि त्याची किंमत जगाने एकदा मोजली आहे. २५ जानेवारी २००३ रोजी एसक्यूएल स्लॅमर हा वर्म यूडीपी १४३४ या पोर्टवरून काही मिनिटांत जगभर पसरला. त्याचा पॅच जुलै २००२ मध्येच आलेला होता. पण एमएसडीई नावाचा एसक्यूएल सर्व्हरचा छोटा अवतार कितीतरी उत्पादनांच्या पोटात बसलेला होता आणि आपल्या मशीनवर तो आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. म्हणून आत बसलेल्या डेटाबेसची आवृत्ती कोणती आणि त्याचे पॅच कोण देणार, सॉफ्टवेअरचा विक्रेता की आपण, हे पहिल्या पायरीच्या कागदावरच लिहून ठेवा.

सहावी पायरी : डिस्क आणि बॅकअप

डिस्कबद्दल थोडक्यात. एसएसडी घ्या. डेटा आणि ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधील बदलांची नोंदवही) वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवा. अँटिव्हायरसला डेटाबेसच्या फाइल तपासण्यातून वगळा. सॉफ्टवेअर एसक्यूलाइट वापरत असेल तर त्याची फाइल नेटवर्क शेअरवर कधीही ठेवू नका, कारण तिथे फाइलचे लॉकिंग भरवशाचे नसते आणि डेटाबेस खराब होऊ शकतो.

एसक्यूएल सर्व्हरवर नवख्यांना हमखास भेटणारा एक प्रसंग आहे : डेटाबेस ८ जीबींचा आणि त्याचा लॉग ९० जीबींचा, डिस्क भरलेली. डेटाबेस 'फुल' रिकव्हरी मॉडेलवर असतो आणि लॉगचा बॅकअप कोणीच लावलेला नसतो, त्यामुळे लॉग कधी रिकामा होतच नाही. रोजचा पूर्ण बॅकअप आपल्याला पुरत असेल तर 'सिंपल' मॉडेल ठेवा. कॉन्फिगरेशन मॅनेजर स्वतःचा डेटाबेस सिंपलवरच ठेवतो. अव्हेलेबिलिटी ग्रुप (एकाहून अधिक सर्व्हरवर डेटाबेसच्या जुळत्या प्रती) हवा असेल तर मात्र फुल सक्तीचे आहे, आणि मग लॉगचा बॅकअपही लावावाच लागतो.

चालू डेटाबेसच्या फाइल नुसत्या कॉपी करणे हा बॅकअप नव्हे. लिहिणे अर्धवट असताना घेतलेली प्रत उघडेलच असे नाही. पोस्टग्रेसक्यूएलसाठी 'पीजी डम्प', मारियाडीबी आणि मायएसक्यूएलसाठी एकाच व्यवहारात घेतलेला डम्प, एसक्यूएल सर्व्हरसाठी त्याचाच बॅकअप वापरावा. त्याबरोबर डेटाबेसच्या बाहेर काय आहे ते शोधा, कारण नेमके तेच विसरले जाते. जीएलपीआयमध्ये साठवलेले पासवर्ड ज्या किल्लीने कुलूपबंद होतात ती किल्ली डेटाबेसमध्ये नसते, कॉन्फिगच्या फोल्डरमधील एका छोट्या फाइलमध्ये असते. तिकिटांना जोडलेली कागदपत्रेही वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. फक्त डेटाबेस परत आणला तर पानांवर सगळे दिसते, पण मेल सर्व्हरला जोडणारा पासवर्ड उलगडत नाही.

बॅकअपची एक प्रत दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या वीजवाहिनीवर हवी. आपल्या उदाहरणात ती वागळे इस्टेटला रोज रात्री जाऊ शकते. आणि तिमाहीत एकदा ती प्रत एखाद्या रिकाम्या मशीनवर प्रत्यक्ष उघडून सॉफ्टवेअर चालवून पाहावे. हे करताना लागलेला वेळ लिहून ठेवा. साहेब जेव्हा विचारतील की "परत चालू व्हायला किती वेळ लागेल", तेव्हा अंदाज सांगण्यापेक्षा तो आकडा सांगता येतो. यादीचा बराचसा भाग एजंट पुन्हा कळवतील आणि आपोआप भरेल. पॅच कधी बसला याचा इतिहास, हाताने लावलेले नियम आणि मंजुऱ्या मात्र पुन्हा कोणी कळवणार नाही. बॅकअप त्यांच्यासाठी आहे.

पुढे कधी हलवावा लागला तर

हलवण्याची वेळ आली हे आकड्यांवरून ओळखावे. अहवाल चालू असताना कन्सोल उघडायला लागणारा वेळ दर महिन्याला नोंदवा. तो वाढत असेल तर मेमरी, डिस्क आणि प्रोसेसर यांपैकी नेमके काय भरते आहे ते आधी पाहा. पुष्कळदा जुना इतिहास कमी केल्याने किंवा बफर वाढवल्याने काम भागते आणि नवे मशीन लागत नाही.

तरीही हलवावा लागला तर सॉफ्टवेअरची सेवा पूर्ण थांबवा, बॅकअप घ्या, नव्या जागी उघडा, खात्यांचे अधिकार तपासा आणि मगच सॉफ्टवेअरला नवा पत्ता द्या. तो देण्याची पद्धत प्रत्येकाची निराळी असते : झॅबिक्समध्ये सर्व्हरच्या आणि वेब भागाच्या अशा दोन्ही मांडणी फाइल बदलाव्या लागतात, तर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये त्याचाच सेटअप पुन्हा चालवून साइट देखभालीतून एसक्यूएल सर्व्हरची मांडणी बदलतात. हे काम शुक्रवारी संध्याकाळी सुरू करू नका. मंगळवार किंवा बुधवार बरा, कारण दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा सपोर्ट फोनवर असतो. जुना डेटाबेस लगेच पुसून टाकू नका. तो ऑफलाइन करून ठेवा, आणि नव्या जागेवरून एक महिन्याचे सर्व अहवाल निघाल्यावर आणि नव्या जागेचा एक बॅकअप प्रत्यक्ष उघडून पाहिल्यावरच काढून टाका.